डब्यावर ६०००, माझ्याकडे ४८००

मी कॉम्प्युटरची जाणकार नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या लहान फाउंड्र्यांना कास्टिंगचं सिम्युलेशन करून देते. म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल, कुठला भाग आधी गोठेल, श्रिंकेज, म्हणजे गोठताना आकसून पडणारी पोकळी, कुठं येईल, तिथं जास्तीचं लोखंड पुरवणारा रायझर कुठं द्यायचा, हे ओतण्याआधी कॉम्प्युटरवर बघायचं. मंगळवार पेठेत आमच्या माडीवरच्या खोलीत एक टेबल, एक कॅबिनेट, दोन स्क्रीन, एवढंच माझं ऑफिस.

रॅमचं, म्हणजे काम चालू असताना कॉम्प्युटर डेटा ज्यात धरून ठेवतो त्या मेमरीचं, हे प्रकरण दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं आणि २२ नोव्हेंबरला संपलं. या सात आठवड्यांत शोधून शोधून जे वाचायला मिळालं ते बहुतेक गेम खेळणाऱ्या पोरांनी पोरांसाठी लिहिलेलं. त्यांना जास्तीचे पाच फ्रेम हवे असतात. मला उत्तर बरोबर हवं होतं. माझ्यासारखं पोटापाण्याचं काम ज्यांचं मशीनवर आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मशीन जून २०२३ मध्ये राजारामपुरीतल्या एका दुकानातून जोडून घेतलं होतं. राइझन ९ ७९००, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे ६४ जीबी. रॅमच्या डब्यावर ‘डीडीआर५ ६०००, सीएल३६’ लिहिलेलं. ते आकडे काय आहेत हे मी तेव्हा विचारलं नाही, दुकानदारानंही सांगितलं नाही. चालत होतं, मी वापरत होते.

सप्टेंबरमध्ये शिरोलीच्या एका फाउंड्रीकडून गिअरबॉक्स हाउसिंगचं काम आलं. भिंती पातळ, कोअर (आतली पोकळी करणारे वाळूचे गाभे) गुंतागुंतीचे, त्यामुळं मेश, म्हणजे हिशोबासाठी मॉडेलचे पाडलेले तुकडे, बारीक घ्यावा लागला. ६४ जीबी भरली आणि उरलेला डेटा एसएसडीवर ये-जा करू लागला. एक रन ३१ तास चालली. फाउंड्रीतल्या साहेबांनी दोनदा विचारलं, “मॅडम, रिपोर्ट कधी? पॅटर्न तयार होऊन पडलाय.” रॅम वाढवायचं तेव्हाच ठरवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. सासऱ्यांच्या पान्या-पकडी, स्वयंपाकघरातली विळी आणि हल्ली माझा कॉम्प्युटर. पूजेआधी पुसायला म्हणून कॅबिनेट उघडलं. पुतण्या तिथंच होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं टास्क मॅनेजर उघडून मेमरीचं पान बघितलं आणि हसायलाच लागला.

“काकी, ६००० ची रॅम घेऊन तू दोन वर्षं ४८०० वरच चालवायलीस की!”

खरंच होतं ते. डीडीआर५ रॅम मदरबोर्डवर बसवली की आपोआप धरला जातो तो साधा, ठरलेला वेग, माझ्या किटच्या बाबतीत ४८००. डब्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन एक प्रोफाइल चालू करावं लागतं. इंटेलच्या बोर्डवर त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या नव्या बोर्डवर एक्स्पो. ते चालू करणं म्हणजे कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच, हमीपेक्षा जास्त वेगानं पळवणं, तशी सूचनाही स्क्रीनवर येते. माझ्या प्रोसेसरला एएमडी दोन स्टिकवर ५२०० पर्यंतची हमी देते. चार स्टिक लावल्या की तीच हमी ३६०० वर येते. हे वाक्य मी दसऱ्याआधी वाचलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं. पण ते प्रोसेसरच्या माहितीपानावर खाली, बारीक तक्त्यात असतं आणि आपण बघतो डबा.

दसऱ्याचा मुहूर्त साधून त्याच दुकानात गेले. गर्दी एवढी की पाऊण तास उभी होते. विंडोज १० ची अपडेट १४ ऑक्टोबरपासून बंद होणार म्हणून निम्मी माणसं जुनी मशीन घेऊन आलेली. जुन्या किटचाच मॉडेल नंबर दाखवला, तोच डबा मिळाला, जीएसटीसकट १९,८०० रुपये. बिल जपून ठेवलं, ही एक गोष्ट बरी केली.

घरी येऊन दोन मोकळ्या स्लॉटमध्ये नव्या स्टिक बसवल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. त्यातला डीरॅमचा दिवा लागून राहिला. चार मिनिटं वाट बघितली, छातीत धडधडायला लागलं आणि मी स्विचच बंद केला.

ही पहिली चूक. डीडीआर५ मध्ये नवी रॅम लागली की प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी जुळवून घेतात, कुठल्या तारेवर सिग्नल किती उशिरा वाचायचा ते पुन्हा पुन्हा तपासून ठरवतात. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त आणि तोवर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. मध्येच बंद केलं की सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदा चालू करून मी सरळ खाली चहा करायला गेले. नवव्या मिनिटाला स्क्रीन आली, १२८ जीबी, वेग ३६००. तुमच्यावर ही वेळ आली तर पंधरा मिनिटं तरी हात लावू नका. घड्याळ लावून बसा, कारण अशा वेळी एक मिनिट पाचाएवढं वाटतं.

त्या दिवशी तिथंच थांबायला हवं होतं. पण ६००० चे पैसे दिलेत आणि ३६०० वर चालवायचं हे मनाला पटेना. ४८०० वर फुकट घालवलेली दोन वर्षंही डोक्यात होती. ३ तारखेला पुतण्यानं एक्स्पो चालू केलं. मशीन चालू व्हायचं, बंद पडायचं, पुन्हा चालू व्हायचं. वीस मिनिटं असंच. मग सीमॉस क्लिअर करायची वेळ आली. पॉवर केबल काढायची, मदरबोर्डवर तसं लिहिलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं काही सेकंद जोडायच्या. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ ची गोल बॅटरी काढून पाचेक मिनिटांनी परत बसवायची. आमची बॅटरी काढताना पुतण्याच्या हातून कुठंतरी घरंगळली, चाळीस रुपयांची नवी आणली. सीमॉस क्लिअर केलं की बायोसमधलं तुमचं सगळं सेटिंग पुसलं जातं. त्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता. पंख्यांचं जमवलेलं सेटिंग गेलं आणि खोलीत गिरणीसारखा आवाज सुरू झाला.

५६०० वर पण तेच. ५२०० वर मशीन उठलं. विंडोज चालू झालं, टास्क मॅनेजरमध्ये १२८ जीबी, ५२००. पुतण्या म्हणाला, “नाद खुळा!” मी पण खूश. गिअरबॉक्स हाउसिंगचं मॉडेल परत लावलं.

तीन-चार दिवस काही झालं नाही. ८ ऑक्टोबरला फाउंड्रीनं पाठवलेली एक झिप फाइल उघडताना सीआरसीची चूक आली, म्हणजे आतला डेटा मुळाशी जुळत नाही. म्हटलं, फाइल पाठवताना बिघडली असेल. परत मागवली. तीच चूक, पण या वेळी झिपमधल्या दुसऱ्याच फाइलवर. मोबाइलवर तीच झिप बिनतक्रार उघडली. डोळ्यांसमोर एवढं असूनही मला अर्थ लागला नाही. ९ तारखेला निळी स्क्रीन आली, ‘मेमरी मॅनेजमेंट’. १० तारखेला रन १४ तासांवर असताना मशीन आपोआप रीस्टार्ट झालं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खूण होती, ‘कर्नल-पॉवर ४१’. पॉवर हा शब्द वाचला आणि मी मनात निकाल लावून टाकला, लाइटचा प्रॉब्लेम. ११ तारखेला वायरमन बोलावला, त्यानं अर्थिंग तपासून ठीक असल्याचं सांगितलं, ४०० रुपये. १३ तारखेला यूपीएसची बॅटरी बदलली, १,२५० रुपये. १४ तारखेला मशीन परत पडलं. त्या ४१ नंबरच्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते ती नोंद सांगतच नाही. वीज गेली, प्लग उपटला, रॅम चुकली, सगळ्याला तीच नोंद. यूपीएसची बॅटरी तशीही जुनी झाली होती, अशी मी माझी समजूत काढली.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. “पूजेचं कुंकू आत गेलं असंल.” हसू नका, मी खरंच कॅबिनेट उघडून टॉर्च मारून बघितलं. एक झेंडूची पाकळी सापडली.

शेवटी १५ तारखेच्या रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला. आधी लावायला हवा होता, पण रात्रभर मशीन अडकतं म्हणून टाळत होते. फुकटची आवृत्ती पुरते. पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं, मशीन त्या पेन ड्राइव्हवरून चालू करायचं, बाकी ते आपलं आपण करतं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, पहिली आखूड असते. १२८ जीबीला माझ्याकडे चारही फेऱ्यांना साधारण चौदा तास लागले. पहिली फेरी स्वच्छ गेली आणि मी झोपायला गेले. सकाळी सहाला उठून बघते तर खाली लाल ओळी. मोजून सतरा चुका, सगळ्या तिसऱ्या फेरीतल्या.

खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. चोर सापडला. मग पोटात गोळा आला, कारण ४ ते १५ ऑक्टोबर या काळात मी याच मशीनवरून बॅकअप घेतला होता.

ही गोष्ट मला कुणीही आधी सांगितली नाही, म्हणून जरा थांबून सांगते. आपण फाइल कॉपी करतो तेव्हा ती एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर थेट जात नाही, रॅममधून जाते. रॅम चुकत असेल तर बॅकअपमध्ये चूकच जपून ठेवली जाते. डीडीआर५ मध्ये चूक दुरुस्त करायची सोय आतच असते असं मीही ऐकलं होतं. असते, पण ती चिपच्या आतल्या आत. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडतं त्यावर तिचं लक्ष नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर भट्टीवर तापमान बरोबर मोजलं, पण लॅडलमधून साच्यापर्यंत नेताना धातू किती निवला ते कुणी बघितलंच नाही. ती वाटही तपासणारी ईसीसी रॅम वेगळी येते, सर्व्हरमध्ये असते तशी.

त्या बारा दिवसांत तयार झालेल्या सगळ्या फाइल मी एका फोल्डरमध्ये टाकून नाव दिलं ‘संशयित’. एका लहान ब्रॅकेटचा रिपोर्ट या काळात उद्यमनगरच्या एका वर्कशॉपला गेला होता. त्यांना फोन केला, खरं सांगितलं, दोन दिवस थांबायला सांगितलं. जुन्या दोन स्टिक साध्या ४८०० वर ठेवून रन परत केली. उत्तर तेच आलं. फोन करताना लाज वाटली होती. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंसा.” विषय संपला.

रॅम डळमळीत असताना विंडोजच्या स्वतःच्या फाइलही बिघडू शकतात. मशीन स्थिर झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही विंडोजच्या फाइल तपासणारी आज्ञा चालवली, काही फाइल दुरुस्त केल्याचं त्यानं सांगितलं. हे मशीन स्थिर झाल्यावर करायचं. आधी केलं तर दुरुस्ती पण त्याच चुकणाऱ्या रॅममधून होते.

वसुबारसेपासून, १७ तारखेपासून, एकेक स्टिक वेगळी काढून तपासली. खाली चकल्यांचं पीठ मळलं जात होतं आणि मी माडीवर स्क्रू ड्रायव्हर घेऊन. एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, मेमटेस्टची एक पूर्ण फेरी. मग दुसरी स्टिक, त्याच स्लॉटमध्ये. काढण्याआधी पॉवर केबल काढायची, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, स्टिकवर पेन्सिलनं १, २, ३, ४ लिहायचं. नाहीतर तासाभरात कुठली कुठली ते कळत नाही. चारही पास. मग जुन्या दोन एकत्र, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पास. नव्या दोन एकत्र, पास. चारही एकत्र ५२०० वर, नापास.

म्हणजे खराब कुणीच नाही आणि एकत्र नांदत नाहीत. घरोघरी मातीच्या चुली.

दिवाळीचे चार दिवस मशीनला हातच लावला नाही. २४ तारखेला दुकानात गेले. दुकानदार भला माणूस आहे, पण त्याचंही बरोबर होतं. “ताई, एकेक स्टिक पास व्हायली म्हटल्यावर कंपनी काय घेणार न्हाई ओ. तुमी मेल तेवढा करून बघा.” त्यानं सर्व्हिसचा मेल पत्ता दिला. त्याच दिवशी मेल केला, बिलाचा फोटो, चारही स्टिकवरच्या सिरियल नंबरांचे फोटो आणि मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा फोटो जोडून. सहा दिवसांनी, ३० तारखेला उत्तर आलं. आधी त्यांनी मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती विचारली, खाली मुख्य वाक्य: डब्यावरचा वेग फक्त त्या एका किटपुरता तपासलेला असतो, दोन किट एकत्र केल्यास हमी नाही, मॉडेल नंबर एक असला तरी नाही. राग आला. मग हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या एका फुकटच्या प्रोग्रॅममध्ये बघितलं. जुन्या किटमधल्या चिप एसके हायनिक्सच्या, नव्यातल्या सॅमसंगच्या. बाहेरून डबा तोच, स्टिकर तोच, आत माल वेगळा. रॅमचे ब्रँड चिप बाहेरून घेतात आणि एकाच मॉडेलमध्ये पुढं-मागं बदलतात.

कारण एवढंच नाही. या प्रोसेसरला रॅमच्या दोन वाहिन्या असतात. दोन स्टिक असल्या की प्रत्येक वाहिनीवर एक. चार लावल्या की एका वाहिनीवर दोन. त्यातून माझी प्रत्येक स्टिक दोन रँकची (रँक म्हणजे एकदम काम करणारा चिपचा एक गट), म्हणजे एका वाहिनीवर चार रँकचं ओझं. तारा त्याच, प्रवासी दुप्पट, आणि वेग एवढा की सिग्नल थोडा जरी परावर्तित झाला तरी पुढच्याच्या पायात येतो. ३६०० चा तो आकडा एएमडीनं उगाच लिहिलेला नाही.

२ नोव्हेंबरच्या रविवारी बायोस अपडेट केलं. माझ्या बोर्डवर २०२३ चंच होतं आणि त्यानंतरच्या कितीतरी आवृत्त्यांच्या नोंदीत ‘मेमरी सुसंगतता सुधारली’ असं होतं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून, अगदी त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची फाइल घ्यायची. रिव्हिजन बोर्डवर कोपऱ्यात छापलेली असते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा. फक्त दोन स्टिक, साध्या वेगावर, यूपीएस चार्ज असताना करायचं. साताठ मिनिटं लागली, मी तेवढा वेळ देवाचं नाव घेत होते. झालं. मशीन चालू झालं आणि निळ्या पानावर विंडोजनं बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली. अठ्ठेचाळीस आकडी.

मी बिटलॉकर कधी चालू केलंच नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगइन केलं की कित्येकदा ते आपोआप चालू होतं. बायोस बदललं की मशीनला वाटतं, डिस्क कुणीतरी पळवली. नशिबानं ती रिकव्हरी की त्या खात्यातच साठवलेली होती, मोबाइलवरून उघडली. पण खात्याचा पासवर्ड आठवेना, त्याचा ओटीपी ज्या जुन्या नंबरवर जायचा ते सिम सासऱ्यांच्या डबा फोनमध्ये आणि सासरे रंकाळ्यावर फिरायला गेलेले. दीड तास गेला. बायोसला हात लावण्याआधी ही की कागदावर उतरवून घ्या. हीच एक गोष्ट या लेखातून घेतली तरी चालेल.

नव्या बायोसवर जुन्या दोन स्टिक एक्स्पोसकट ६००० वर रात्रभर स्वच्छ चालल्या. चार लावल्या की ६००० आणि ५६०० वर अजूनही उठत नव्हतं. ५२०० वर उठत होतं आणि दोन-अडीच तासांनी चुकत होतं, पूर्वीपेक्षा उशिरा. पुतण्याला व्होल्टेज वाढवायचं होतं. रॅमचं साधं व्होल्टेज १.१, एक्स्पोमध्ये माझ्या किटचं १.३५. त्याशिवाय प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला लागणारं एसओसी व्होल्टेज वेगळं. २०२३ मध्ये या पिढीतले काही प्रोसेसर जळाले होते, तेव्हा एएमडीनं या एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. मी १.२ च्या पुढं जायला नकार दिला. ऑटोवर सोडलं तर काही बोर्ड स्वतःच बरंच वर नेऊन ठेवतात, तेवढं एकदा बघून घ्या.

अडीच तासांनीच का, हे मात्र पुतण्यानंच शोधलं. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमान मोजायचा सेन्सर असतो. सुरुवातीला ४० अंश, रन अडीच तास चालली की मधल्या दोन स्टिक ६३ वर. चार स्टिक खेटून बसलेल्या, मध्ये हवा जायला जागा नाही, खालून ग्राफिक्स कार्डाची धग. शाहूपुरीतून ६५० रुपयांचा १२० मिलिमीटरचा पंखा आणून रॅमवर वारा येईल असा बसवला. ५१ अंशांच्या वर गेलं नाही. ५२०० तरीही चौथ्या फेरीत चुकलं, पण एकदाच.

एकच चूक. पुतण्या म्हणाला, “एवढी चालतीय की.” मी म्हटलं, गिअरबॉक्सला एकच ब्लोहोल, हवेचं भोक, असला तर साहेब घेतात का?

दरम्यान दुसरा मार्ग विचारून बघितला होता. ४८ जीबीच्या दोन स्टिकचं किट मिळतं, ९६ जीबी, दोनच स्लॉटमध्ये. माझ्या कामाला ते पुरलं असतं आणि मुळात तेच घ्यायला हवं होतं. १२ नोव्हेंबरला दुकानात फोन केला. त्यानं आधी मी दसऱ्याला घेतलेल्या किटचाच नवा भाव सांगितला, दुपटीच्या जवळ. ४८ वाल्याचा तर विचारवेना. एआयच्या डेटा सेंटरांसाठी चिपची उचल एवढी वाढली की साध्या ग्राहकाच्या रॅमचे भाव त्या दोन महिन्यांत पेटले होते. “ताई, आहे ते ईकू नका मात्र,” असं तोच म्हणाला.

मग मी जे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते केलं, मोजलं. एक ठरावीक लहान मॉडेल घेतलं, ६४ जीबीत आरामात बसणारं. दोन स्टिक ६००० वर ४३ मिनिटं. दोन स्टिक ४८०० वर ४६. चार स्टिक ३६०० वर ५२, चार स्टिक ४८०० वर ४६. ज्या ६००० साठी मी दीड महिना झुरत होते त्याची किंमत तीन मिनिटं निघाली. माझ्या सॉफ्टवेअरपुरतं हे, तुमचं वेगळं असू शकेल, म्हणून तुमच्याच कामावर मोजा.

१६ नोव्हेंबरला चारही स्टिक ४८०० वर लावल्या, एक्स्पो बंद, एसओसी १.२, पंखा चालू. मेमटेस्टच्या चारही फेऱ्या शून्य चुका. खात्री वाटेना म्हणून १८ तारखेच्या रात्री परत, पुन्हा शून्य. दर वेळी मशीन चालू करताना तीन मिनिटं ट्रेनिंगमध्ये जात होती, त्यासाठी बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ नावाची सोय आहे, आधीची जुळणी लक्षात ठेवते. ती सगळं स्थिर झाल्यावरच चालू केली आणि त्यानंतर मेमटेस्टची एक फेरी आणखी. आता चाळीस सेकंदांत स्क्रीन येते.

२१ ला गिअरबॉक्स हाउसिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. पूर्वी ३१ तास लागलेली रन साडेअकरा तासांत संपली, कारण आता एसएसडीकडे जावं लागत नाही. मुद्दाम लगेच दुसऱ्यांदा लावली. दोन्हीत श्रिंकेज त्याच जागी, बोअरच्या खालच्या बॉसमध्ये, म्हणजे जाड उंचवट्यात. २२ तारखेला संध्याकाळी रिपोर्ट पाठवला. साहेबांचं उत्तर आलं, “ठीक. रायझर बदलतो.”

कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, फाउंड्रीत हीटचं, म्हणजे एका वेळच्या वितळवणीचं, कार्ड लावतात तसा. बायोसची आवृत्ती, वेग, व्होल्टेज, कुठली स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये, मेमटेस्टच्या तारखा आणि निकाल. आज सकाळी धूळ झाडायला दार उघडलं तर सगळ्यात खाली पुतण्याच्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय, ‘५०००?’